कोरड्या खडकांतील अग्नि

वज्रेश्वरीच्या किंवा उन्हवऱ्याच्या कुंडांत ज्यांनीं एकदां पाय बुडविला असेल, त्यांस पृथ्वीच्या पोटांत उष्णता आहे हें पुस्तकांतून शिकविण्याचें कारण नाहीं. परंतु तीच उष्णता कुंड नसलेल्या गांवाच्याही खालीं आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. कोठेंही खोल खणीत गेलें असतां दर किलोमीटरास साधारणतः २५ ते ३० अंश सेंटिग्रेड या मानानें खडक तापत जातो; ज्वालामुखीच्या प्रदेशांत हें मान कितीतरी अधिक असतें. कुंडाचें वैशिष्ट्य उष्णतेंत नसून योगायोगांत आहे. तापलेला खडक, त्यांतून झिरपणारें पाणी, आणि त्या पाण्यास वर येण्याजोगी वाट, अशा तिन्ही गोष्टी निसर्गानें तेथें एकत्र आणून ठेविलेल्या असतात. इटलींतील लार्देरेल्लो येथें १९०४ सालीं प्रिन्स पिएरो जिनोरी कोंती यांनीं जमिनींतून निघणाऱ्या वाफेवर यंत्र चालवून पांच विजेचे दिवे लावून दाखविले, तेही याच योगायोगाच्या बळावर. न्यूझीलंड, आइसलंड, फिलिपाइन्स इत्यादि देशांनीं भूगर्भाच्या उष्णतेवर पुढें जी वीज केली तीही याच मार्गानें.

पण जेथें उष्णता आहे आणि पाणी नाहीं, तेथें काय करावें? असल्या भूमीचा विस्तार कुंडांच्या भूमीहून कितीतरी मोठा आहे. लार्देरेल्लोचे दिवे लागले त्याच सालीं वाफेच्या टर्बाइनचे कर्ते चार्ल्स पार्सन्स यांनीं इंग्लंडांतील शास्त्रज्ञांच्या परिषदेपुढें १२ मैल खोल विवर खणून पृथ्वीच्या अंतरंगाचा ठाव घेण्याची कल्पना मांडली होती. ती कागदावरच राहिली. कोरड्या खडकांतील उष्णता वर काढण्याचा खरा उद्योग सुरू झाला तो त्यानंतर सत्तर वर्षांनीं. त्या उद्योगाची हकीकत आम्हांस सांगण्यासारखी वाटते ती त्याच्या फळामुळें नव्हे. पन्नास वर्षांत या मार्गानें निघालेली वीज थोडकीच आहे. परंतु एका राष्ट्राची चूक दुसऱ्या राष्ट्राच्या उपयोगीं पडावी, आणि ती लपवून न ठेवतां सर्वांच्या देखत तपासली जावी, हा प्रकार विज्ञानाच्या इतिहासांतही वारंवार घडत नाहीं. येथें तो घडला. आणि ज्या ठिकाणीं तो पुरता घडला नाहीं तेथें काय झालें, हेंही याच इतिहासांत लिहिलेलें आहे.

अमेरिकेंतील न्यू मेक्सिको संस्थानांत लॉस अलामॉस म्हणून एक ठिकाण आहे. १९४३ सालीं तेथें जी प्रयोगशाळा उभी राहिली तिचें नांव सर्व जगास ठाऊक झालें, कारण हिरोशिमा व नागासाकी यांवर पडलेले बाँब तेथें तयार झाले. १९७० च्या सुमारास याच प्रयोगशाळेंतील कांहीं मंडळी खडक वितळवून भोंक पाडणारें एक यंत्र करण्याच्या नादांत होती. यंत्र फारसें पुढें गेलें नाहीं. परंतु इतक्या खोल भोंक पाडतां आलें तर तेथील उष्णतेचें काय करावें, हा प्रश्न मागें राहिला. रॉबर्ट पॉटर, युजीन रॉबिन्सन व मॉर्टन स्मिथ यांनीं त्याचें उत्तर काढलें आणि १९७४ सालीं त्याचें पेटंट मिळविलें.

उत्तर ऐकावयास फार सोपें होतें. तापलेल्या खडकापर्यंत एक विहीर विंधावी. तींत पाणी इतक्या जोरानें कोंबावें कीं खडक फाटावा. ही भेग कडेवर उभ्या केलेल्या रुपयासारखी पातळ, वाटोळी व उभी पडेल. मग दुसरी विहीर विंधून त्या भेगेस गांठावें. एकीकडून थंड पाणी सोडावें, तें भेगेंत तापून दुसरीकडून वर यावें, आणि उष्णता काढून घेतल्यावर तेंच पाणी पुन्हां खालीं सोडावें. निसर्गाचा योगायोग माणसानें आपल्या हातानें जुळवून आणावा, असा हा बेत. 'तप्त कोरड्या खडका'ची पद्धति असें त्याचें नांव पडलें.

प्रयोगासाठीं जागा निवडली ती लॉस अलामॉसच्या पश्चिमेस, एका विशाल जुन्या ज्वालामुखीच्या कडेवर, फेंटन हिल येथें. १९७४ सालीं पहिली विहीर सुमारें ३ किलोमीटर खोल गेली. दुसरी पुढल्या वर्षीं. दोहोंची भेगेंतून नीट गांठ पडेना, तेव्हां एकीचा खालचा भाग पुन्हां विंधावा लागला, आणि १९७७ सालीं पाणी एकदांचें फिरलें. १९७८ च्या आरंभीं तें ७५ दिवस फिरत राहिलें. १९८० सालीं त्या उष्णतेवर ६० किलोवॅटचें एक लहानसें विद्युद्यंत्र चालविण्यांत आलें. ६० किलोवॅट म्हणजे सुमारें ८० अश्वशक्ति. मालमोटारीच्या इंजिनांतही याहून अधिक जोर असतो. पण माणसानें स्वतः फोडलेल्या खडकांतून निघालेली अशी वीज पूर्वीं कोणीं पाहिली नव्हती.

१९७३ च्या तेलसंकटानें पश्चिमेकडील राष्ट्रांस चांगलाच चटका दिला होता, आणि त्यांतूनच १९७४ सालीं पॅरिस येथें आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन झाली. तिच्या आश्रयाखालीं करार होऊन, ऐशींच्या दशकाच्या आरंभीं पश्चिम जर्मनी व जपान हीं दोन राष्ट्रें फेंटन हिलच्या कामांत भागीदार झालीं. त्यांनीं नुसता पैसाच दिला असें नाहीं. त्यांचे एंजिनियर व शास्त्रज्ञही लॉस अलामॉस येथें जाऊन कामास लागले. जर्मनी अणुबाँब आधीं करील या धास्तीनें जी प्रयोगशाळा उभारली गेली, आणि जिच्या बाँबांनीं जपानचीं दोन शहरें भस्म केलीं, तिच्याच दारांतून पुरतीं चाळीस वर्षें लोटण्यापूर्वीं जर्मन व जपानी माणसें सहकारी म्हणून आंत गेलीं. त्यांच्या मनांत काय आलें असेल तें त्यांनाच ठाऊक. विंधणकामाच्या अहवालांत खोली, दाब व तपमान यांचे आंकडे असतात. असल्या गोष्टींचा उच्चार तेथें असण्याचें कारण नाहीं. आम्हांस तो कोरडेपणाच अधिक बोलका वाटतो.

भागीदारीच्या काळांतलें दुसरें पर्व पहिल्याहून फार मोठें होतें. या वेळच्या विहिरी खालीं तिरप्या नेल्या होत्या. त्यांपैकीं एक ४ किलोमीटरांच्याही खालीं गेली, आणि तिच्या तळाशीं तपमान ३०० अंशांहून अधिक भरलें. एकीच्या वर दुसरी अशा बेतानें त्या विंधल्या होत्या, म्हणजे खालच्या विहिरीपासून निघालेल्या उभ्या भेगा वरच्या विहिरीस आपोआप छेदतील. १९८३ च्या डिसेंबरांत खालच्या विहिरींत सुमारें २ कोटि लिटर पाणी प्रचंड दाबानें कोंबण्यांत आलें. खडक फाटला, फाटतांना झालेले बारीक धक्के यंत्रांनीं टिपले. परंतु वरच्या विहिरीस पाणी लागलें नाहीं. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार, असें आपण म्हणतों. येथें आडांत सर्व कांहीं होतें, पोहरा मात्र भलत्याच ठिकाणीं सोडलेला होता.

धक्क्यांच्या जागा नकाशावर मांडून पाहिल्या तेव्हां उलगडा झाला. उभ्या रुपयासारखी भेग पडलीच नव्हती. खडकांत फार पूर्वीं पडून कालांतरानें खनिजांनीं भरून निघालेले असंख्य सांधे होते, आणि पाण्यानें तेच उघडले होते. त्यामुळें भेगांचा तो सारा पुंज एखाद्या जाड, कलत्या ढगासारखा पसरला होता, आणि वरच्या विहिरीस तो टाळून गेला होता. दहा वर्षें ज्या चित्रावर सर्व गणित बसविलें होतें तें चित्रच चुकीचें ठरलें. आणखी कांहीं खटपटीनंतर मंडळींनीं जें केलें तें आमच्या मतें या सगळ्या इतिहासांतील सर्वांत शहाणपणाचें कृत्य होय. खडकास आपल्या विहिरीकडे वळविण्याचा हट्ट सोडून त्यांनीं विहीरच भेगांकडे वळविली. धक्के जेथून ऐकूं आले होते त्या ढगांतून १९८५ सालीं वरची विहीर नव्यानें विंधली, आणि पाणी लागलें. १९८६ सालीं ३० दिवसांचा प्रयोगही पार पडला. पूर्वीं दोन्ही विहिरी आधीं व भेग मागून असा क्रम होता. आतां एक विहीर, मग भेग, मग कान देऊन ऐकणें, आणि शेवटीं दुसरी विहीर, असा क्रम ठरला. भागीदार आपापल्या देशीं परतले ते हा क्रम बरोबर घेऊन. फेंटन हिलवर १९९२-९३ सालीं एक दीर्घ प्रयोग झाला, पण पंप मोडले, पैसा आटला, आणि पुढें तें काम बंद पडलें.

याच काळांत इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यांत निराळ्या रीतीनें त्याच प्रश्नाचा छडा लागत होता. कॅम्बोर्न येथें खाणविद्येचें एक जुनें विद्यालय आहे. कथिलाच्या खाणींमुळें ग्रॅनाइट खडक व त्याची ऊब या दोहोंचाही तेथील लोकांस पिढ्यान्‌पिढ्यांचा परिचय. रोझमॅनोवेस येथील दगडाच्या खाणींत त्यांनीं १९७७ सालीं काम आरंभिलें. त्यांच्या विहिरी दोन-अडीच किलोमीटरांच्या, आणि उष्णता ८० ते १०० अंशांची. एवढ्यावर वीज होणार नाहीं हें त्यांस ठाऊकच होतें. त्यांस पाहावयाचें होतें तें पाण्याच्या दाबाखालीं खडक कसा वागतो एवढेंच. रॉबर्ट पाइन व टोनी बॅचलर यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यांचा निष्कर्ष आहे: पाणी खडक नव्यानें फाडीत नाहीं, तर जुने सांधे एकमेकांवरून किंचित् सरकवितें, आणि भेगांचा विस्तार कोणत्या दिशेस व्हावा हें खडकावरील नैसर्गिक ताण ठरवितात. कॉर्नवॉलमध्यें तो विस्तार चक्क खालच्या दिशेनें झाला. फेंटन हिलच्या कलत्या ढगाचा अर्थ अशा रीतीनें अटलांटिकच्या या तीरावर अधिक स्पष्ट झाला. थोड्या पैशांत इतकें शिकविणारा दुसरा प्रयोग या क्षेत्रांत आम्हांस आढळला नाहीं. सरकारनें नव्वदीच्या आरंभीं हात आंखडला आणि तो थांबला.

जपाननें आपलें स्वतःचें काम यामागाता प्रांतांत हिजिओरी येथें चालविलें. सुमारें १८०० व २२०० मीटर अशा दोन खोलींवर त्यांनीं भेगा पाडल्या. ज्वालामुखीचा प्रदेश असल्यानें उष्णतेस तोटा नव्हता. तोटा होता तो पाण्याचा. सोडलेल्या पाण्याचा मोठा भाग खडकांत नाहींसा होई, आणि परत येणारें पाणीही अपेक्षेहून लवकर निवत गेलें. २००२ सालीं तें काम संपविण्यांत आलें.

आतां अल्सासकडे वळूं. फ्रान्स व जर्मनी यांच्या सीमेवरील या चिंचोळ्या प्रदेशाचा मालक १८७१ पासून १९४५ पर्यंत चार वेळां बदलला. तेथें पेशेलब्रॉन म्हणून जुनें तेलक्षेत्र आहे. विहिरींतून विजेची तार सोडून खडकांची परीक्षा करण्याची जी रीत आज तेलधंद्यांत सर्वत्र रूढ आहे, तिचा पहिला प्रयोग श्लुंबर्जे बंधूंच्या मंडळींनीं येथेंच १९२७ सालीं केला. तेलाच्या या विहिरींमुळें तेथील जमीन विलक्षण तापलेली आहे हेंही कळून आलें होतें. एक किलोमीटर खोलीवरच १०० अंशांहून अधिक! १९८७ सालीं फ्रेंच व जर्मन शास्त्रज्ञांनीं सुल्त्स-सू-फोरे या गांवीं मिळून पहिली विहीर विंधली. युरोपांतील लहानमोठे प्रयोग निरनिराळे चालविण्यापेक्षां एकाच ठिकाणीं शक्ति लावावी असें पुढें युरोपीय आयोगानें ठरविलें, आणि तें ठिकाण सुल्त्स हें झालें. कॅम्बोर्नचा अनुभव घेतलेलीं माणसेंही मग येथें आलीं. त्यामुळें कॉर्नवॉलचें काम बंद पडलें तरी त्यांतील ज्ञान वायां गेलें नाहीं.

सुल्त्सनें आणखी एक समजूत मोडली. १९९७ सालीं सुमारें साडेतीन किलोमीटर खोलीवर चार महिने सतत पाणी फिरविलें. सेकंदास २५ लिटर पाणी सुमारें १४० अंशांवर वर आलें, आणि पाण्याची तूट मुळींच आली नाहीं. हिजिओरीस जें पाणी पुरेना तें येथें कमी कसें पडलें नाहीं? कारण हा खडक कोरडा नव्हताच. त्याच्या भेगांतून पूर्वींपासून खारें ऊन पाणी वावरत होतें, आणि एवढ्या वर एवढी उष्णता आली होती ती त्यानेंच आणलेली. म्हणजे माणसास भेग नव्यानें घडवावयाची नव्हती, निसर्गाच्या अर्धवट वाटा मोकळ्या करावयाच्या होत्या. 'कोरडा खडक' हें नांव पुढें मागें पडलें आणि 'संवर्धित' भूऔष्णिक पद्धति असें म्हणण्यांत येऊं लागलें. शास्त्रज्ञ लोक नांवें उगाच बदलतात असा एक आक्षेप असतो. येथें नांवाबरोबर मतही बदललें होतें, आणि तें उघडपणें.

पुढें सुल्त्सच्या विहिरी ५ किलोमीटरांपर्यंत गेल्या, तेथें २०० अंश उष्णता मिळाली, २००८ सालीं वीज निघाली, आणि २०१६ पासून दीड मेगावॅटांहून कांहींशी अधिक वीज व्यापारी तत्त्वावर निघूं लागली. एवढ्या खटाटोपाचें हें फळ कोणास हास्यास्पद वाटेल. परंतु जवळच रिटर्सहॉफेन येथें त्याच ज्ञानावर उभारलेल्या विहिरींतून २०१६ सालापासून २४ मेगावॅट उष्णता १५ किलोमीटर नळानें एका पिष्टाच्या कारखान्यास पोंचविण्यांत आली. सुल्त्सचा हिशेब करतांना ही रक्कमही जमेस धरली पाहिजे.

खर्चाची बाजू मात्र केवळ पैशांची नाहीं. सांधे सरकणें म्हणजेच भूकंप, प्रश्न लहानमोठेपणाचा. २००३ सालीं सुल्त्स येथें २.९ प्रतीचा धक्का बसला व लोक घाबरले. स्वित्झर्लंडांतील बाझेल शहर १३५६ सालीं भूकंपानें उद्ध्वस्त झालें होतें. त्याच शहराच्या पोटांत २००६ च्या डिसेंबरांत ५ किलोमीटर खोल विहिरींतून पाणी कोंबण्यास सुरुवात झाली, आणि सहा दिवसांच्या आंत ३.४ प्रतीचा धक्का बसून काम थांबवावें लागलें. तें पुन्हां सुरू झालें नाहीं. दक्षिण कोरियांतील पोहांग येथें २०१७ च्या नोव्हेंबरच्या १५ तारखेस ५.४ प्रतीचा भूकंप होऊन शंभराहून अधिक माणसें जखमी झालीं व पुष्कळ घरें मोडलीं. देशी व परदेशी तज्ज्ञांच्या समितीनें २०१९ सालीं निर्णय दिला कीं, विहिरींतून सोडलेल्या पाण्यानें पूर्वीं न ओळखलेला एक प्रस्तर-भ्रंश हालला व त्यांतून हा भूकंप झाला. त्याच वर्षींच्या एप्रिलांत तीनहून अधिक प्रतीचा एक धक्का येऊन गेला होता, तरी काम पुढें चालूच राहिलें होतें. पोहांगच्या कामांतही युरोपीय संशोधकांचा सहभाग होता. सहकार्य नव्हतें असें नाहीं. बाझेलचे अहवालही जगजाहीर होते. पण दुसऱ्याचा अहवाल कपाटांत असणें आणि आपल्या विहिरीवर तो धक्का बसल्याबरोबर पंप बंद करण्याचा अधिकार कोणाला तरी असणें, या दोन गोष्टी एक नव्हेत. फेंटन हिलवर चुकीचें चित्र सोडून देतांना भागीदार एकाच विहिरीच्या कांठीं उभे होते. पोहांगमध्यें इशारा एकाकडे, निर्णय दुसऱ्याकडे, आणि घरें तिसऱ्याचीं, असा प्रकार झाला असें आम्हांस वाटतें.

पाणी व भूकंप यांचें हें नातें महाराष्ट्रास नवें नाहीं. कोयनेचें धरण भरूं लागल्यावर तेथें धक्के बसूं लागले, आणि ११ डिसेंबर १९६७ रोजीं सहाहून अधिक प्रतीच्या भूकंपांत दीडशेंहून अधिक माणसें मेलीं. जगांतील भूकंपशास्त्रज्ञांनीं तेव्हांपासून कोयनेवर नजर ठेविली आहे. आंतरराष्ट्रीय खंडीय विंधण कार्यक्रमाच्या साह्यानें विचारविनिमय होऊन २०१७ सालीं तेथील गोठणें येथें ३ किलोमीटर खोल एक प्राथमिक विहीर पुरी करण्यांत आली. दक्खनचा काळा कातळ सुमारें सव्वा किलोमीटरावर संपतो आणि खालीं ग्रॅनाइट लागतो. ही विहीर उष्णतेसाठीं नाहीं. पण पाण्याच्या भारानें खोल खडकांतले सांधे कसे व केव्हां सरकतात, हा तिचा प्रश्न आणि बाझेलचा प्रश्न एकच आहे. कऱ्हाडच्या प्रयोगशाळेंत त्याचा अभ्यास चालतो.

सर्वांत धाडसी प्रयोग आइसलंडाचे, आणि त्यांतही परदेशी शास्त्रज्ञांचा पैसा व हात आहे. क्राफ्ला येथें २००९ सालीं दोन किलोमीटरांच्या थोडें खालीं विहीर थेट वितळलेल्या शिलारसांत शिरली. तींतून पुढें सुमारें ४५० अंशांची वाफ निघाली, परंतु तोंडावरच्या झडपा टिकल्या नाहींत व विहीर २०१२ सालीं बंद झाली. रेक्यानेस येथील दुसरी ४६५९ मीटरांपर्यंत गेली. इतक्या उष्णतेस टिकणारी धातु व सिमेंट मिळेपर्यंत हा मार्ग अवघडच राहील.

अलीकडे अमेरिकेंत खाजगी कंपन्यांनीं तेलधंद्यांतील आडव्या विहिरींची कला या कामीं आणिली आहे. नेवाडांत २०२३ सालीं एका कंपनीनें तीन मेगावॅटांहून अधिक विजेइतकी उष्णता काढून दाखविली. भांडवल आलें ही गोष्ट चांगली. पण भांडवल आपल्या चुका फुकट वांटीत नसतें, आणि या विद्येची वाढ तर चुका वांटूनच झालेली आहे. म्हणून यूटा संस्थानांत मिलफर्डजवळ सरकारी खर्चानें जी प्रयोगभूमि राखिली आहे तिचें आम्हांस अधिक महत्त्व वाटतें. तेथील सर्व मापनें जगांतील कोणासही पाहावयास खुलीं आहेत. तेथें पहिली तिरपी विहीर २०२१ च्या आरंभीं पुरी झाली. २०२२ सालीं तींतून खडक फोडला आणि धक्के टिपले. त्या धक्क्यांचा ढग कोठें पसरला हें नकाशावर मांडून झाल्यावरच, २०२३ सालीं, दुसरी विहीर त्या ढगांतून नेली. आरंभीं पाणी जेमतेम आलें. २०२४ सालीं दोन्हीकडून पुन्हां भेगा मोकळ्या केल्यावर तें भरपूर वाहूं लागलें.